सस्पेन्सला टाक

राणी,

तुझा मेसेज रात्री दोनला दहा कमी असताना आलाय. "ताई, जागी आहेस का?" मी कसली जागी! साडेपाचला दूध तापायला ठेवलं आणि मोबाइल उघडला, तर त्याखाली आणखी चार मेसेज, आणि शेवटचा, "जाऊ दे, झोप तू." झोपलेल्या माणसाला मेसेज करून झोप म्हणणारी तू एकटीच असशील.

फोनच करणार होते. पण फोनवर तू नुसतं "हो ताई, हो ताई" करतेस आणि माझं निम्मं बोलणं कुकरच्या शिट्ट्यांत जातं. आज रविवार आहे, जेवणं झालीत, हे घोरतायत. म्हणून लिहायलाच बसले. लांबेल थोडं. चहा घेऊन बस म्हणणार होते, पण नको, चहाचा विषय पुढं येणारच आहे.

मला समजलं ते असं. शुक्रवारी संध्याकाळी सहाला तुझ्या मॅनेजरचा मेसेज आला, "सोमवारी सकाळी जरा बोलायचंय." तू "ओके सर" केलंस. मग महिन्याभराच्या सगळ्या मेल उकरून वाचल्यास, एका रिपोर्टमध्ये दोन चुका सापडल्या, शनिवारी रूममेट पिक्चरला निघाली तिला डोकं दुखतंय म्हणून सांगितलंस आणि दिवसभर खोलीत पडून राहिलीस. आणि रात्री मला लिहिलंस, "माझ्यात कॉन्फिडन्सच नाही गं. सगळ्यांकडे असतो, माझ्याकडेच का नाही?"

सगळ्यांकडे असतो, हे तुला कोण बोललं? तुझ्या टीममधली ती जी मीटिंगमध्ये खणखणीत बोलते म्हणतेस, तिची रात्र तू बघितलीस का? मला तर घरात सगळे "काय धीट आहे ही" म्हणतात. तुझे बाबा, म्हणजे काका तर लग्नकार्यात पैशांची पिशवी माझ्याकडेच देतात, "बँकवाली आहे, घाबरायची नाही" म्हणून. आता ह्या न घाबरणारीची एक गोष्ट ऐक. काकांना सांगितलेली नाही.

मी १९९६ साली बँकेत लागले, बावीस वर्षांची होते. कृष्णाकाठच्या एका मोठ्या गावची शाखा होती आणि पहिल्या महिन्यातच मला कॅशवर बसवलं. उसाची बिलं जमा झाली की काउंटरपुढं अशी रांग लागायची की दाराबाहेर चपलांचा ढीग पडायचा. नोटा मोजायचं मशीन त्या शाखेत नव्हतं. ओल्या स्पंजवर बोट टेकवायचं आणि मोजायचं. आई म्हणाली होती, "आत्मविश्वासानं काम कर." मी मान डोलावली. पण तो आणायचा कुठून, ते काही तिनं सांगितलं नाही, आणि मला विचारायचं सुचलं नाही.

दुसऱ्या महिन्यातल्या एका बिलाच्या दिवशी संध्याकाळी कॅश टॅली होईना. पाच हजार शॉर्ट. पुन्हा मोजली, तरी पाच हजार शॉर्ट. मग सगळी व्हाउचर काढली, मागच्या बाजूचं डिनॉमिनेशन एकेक बघत बसले, बेरजा तीनदा केल्या. सगळं बरोबर होतं, फक्त ड्रॉवरमध्ये पैसे नव्हते. गर्दीत कुणाला तरी पन्नासच्या गड्डीऐवजी शंभरची गड्डी गेली होती, बाकी काय असणार. पाच हजार म्हणजे तेव्हा माझा जवळपास महिन्याचा पगार होता. साडेसात वाजले. शिपाई पंखे बंद करून दोनदा डोकावून गेला. मी पाचव्यांदा मोजत होते, आणि नोटा दिसत नव्हत्या इतकं डोळ्यांत पाणी. डोक्यात एकच चक्र. आता नोकरी जाणार, गावात होणार की पोरीनं पैसे खाल्ले, बाबांचं नाव जाणार.

आमचे हेड कॅशियर रिटायरमेंटला आलेले. ते माझ्यासाठी थांबले होते, कारण तिजोरीची एक किल्ली त्यांच्याकडे आणि एक मॅनेजरकडे. दोघं असल्याशिवाय स्ट्राँग रूम बंद होत नाही. ते आले, माझ्या हातातली गड्डी काढून घेतली आणि म्हणाले, "आज हे सस्पेन्सला टाकू. उद्या साडेदहाला तू आणि मी बसून बघू. आता घरी जा. रात्री मोजून नोट सापडत नाही."

सस्पेन्स म्हणजे काय ते तुला माहीत नसणार. बँकेत एखाद्या रकमेचा ताळमेळ लागत नाही, ती कुणाच्या नावावर घालायची ते कळत नाही, तेव्हा ती तात्पुरती एका वेगळ्या खात्यात ठेवतात. ते सस्पेन्स खातं. पैसे गेले नाहीत असं म्हणायचं नसतं. गेलेत, लेखी गेलेत, तारखेसकट नोंद आहे. पण त्या एका आकड्यापायी सगळ्या शाखेचा दिवस उघडा ठेवत नाहीत. दिवस बंद करतात आणि सस्पेन्सची नोंद दुसऱ्या दिवशी कामाच्या वेळेत, कामाच्या टेबलावर उघडतात. आणि ती तशीच कुजवत ठेवलेलीही चालत नाही, तपासणीला आलेला माणूस आधी तेच खातं बघतो.

तुला वाटेल आता ताई सांगणार की दुसऱ्या दिवशी कुणी देवमाणूस गड्डी परत घेऊन आला. नाही आला. आम्ही साडेदहाला बसलो, त्या दिवशीच्या सात-आठ मोठ्या रकमेच्या खातेदारांना निरोप धाडले, दोघं-तिघं येऊन "नाही बाई, आमचं बरोबर होतं" सांगून गेले. मी ते पाच हजार दर महिन्याला पाचशेप्रमाणे दहा महिने भरले. मॅनेजर एकदाच बोलले, ते मात्र चांगलंच बोलले. गावात कुणाला कळलं नाही. दिवाळीला साडी घेतली नाही. बस्स. ज्या गोष्टीच्या भीतीनं मी रडत होते ती गोष्ट पुरेपूर घडली, आणि तिची किंमत दहा हप्ते निघाली. आणि गंमत बघ, चौथ्या-पाचव्या हप्त्याच्या सुमारास माझा मोजणारा हात थरथरायचा थांबला.

तर सस्पेन्स. तुझी चिंता सध्या काय करतेय? दिवसभर काउंटर उघडा टाकून बसलीय, कुणीही यावं, कधीही यावं. अंघोळ करताना ती, डब्यातली भाजी खाताना ती, रात्री दोनला तर तिची खास वेळ. तिला "जा" म्हटलं की जात नाही, हे तू करून बघितलंयस. "विचार करू नकोस" असं जे लोक सांगतात ना, त्यांनी एकदा स्वतः करून दाखवावं. ते भिंतीवरचे सूर्योदयाचे फोटो आणि खाली 'सकारात्मक राहा', त्यांचा तर मला मनापासून कंटाळा आहे.

तिला खिडकीची वेळ ठरवून दे. हे मी माझ्या मनचं सांगत नाही. आमच्या कन्यकेनं मानसशास्त्र घेतलं होतं, तिच्या पुस्तकात मी वाचलं. अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात थॉमस बोर्कोव्हेक नावाच्या मानसशास्त्रज्ञानं नि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली हेच करून बघितलं होतं. सतत काळजी करणाऱ्या विद्यार्थ्यांना त्यांनी सांगितलं, रोज अर्धा तास, एकाच वेळी, एकाच जागी बसून हवी तेवढी काळजी करा. बाकी दिवसभरात ती आली की ओळखायची, पुढं ढकलायची आणि हातातल्या कामाला लागायचं. चार आठवड्यांत त्यांची दिवसभरातली काळजी कमी झाली. मी वाचताना हसलेच. म्हटलं, आमचे हेड कॅशियर हे फुकटात सांगून गेले.

तुझ्यासाठी संध्याकाळी साडेसहा ते सात ठेव. ऑफिसची बस त्याआधी सोडते ना तुला? जागा मात्र पलंग नको. खोलीत ती प्लॅस्टिकची खुर्ची आहे बघ, कपडे टाकायची, ती मोकळी कर. पलंगावर काळजी करायची सवय लागली की पलंग दिसला की काळजी सुरू होते, मग झोप येणार कशी? एक साधी शंभरपानी वही घे. मोबाइलवर लिहू नकोस, लिहिता लिहिता तू मेल उघडणार, मला माहितीय. दिवसभरात चिंता आली की एका कागदाच्या चिटोऱ्यावर दोन शब्द खरड, "सोमवार, सर", आणि तिला सांग, साडेसहाला ये. पहिले चार दिवस ती ऐकणार नाही, दहादा येईल. दहादा टाक सस्पेन्सला. चिडायचं मात्र नाही. रांगेत घुसणाऱ्या म्हाताऱ्यावर मी कधी चिडले नाही, नुसतं "आजोबा, तिकडून या" म्हणायचे.

आणि साडेसहाला खरोखर बसायचं हं. हे चुकवलंस तर चिंतेचा तुझ्यावरचा विश्वास उडेल, ती पुन्हा रात्री यायला लागेल. बसलीस की वहीत काय करायचं, ते तुझ्याच ह्या सोमवारवर दाखवते.

तू मला रात्री जे लिहिलंस, ते मी एकाखाली एक मांडलं. सरांना बोलायचंय. म्हणजे त्यांना रिपोर्टमधल्या चुका दिसल्या. म्हणजे ते चिडलेत. म्हणजे ह्या वेळी माझं रेटिंग खाली जाणार. म्हणजे पुढच्या कपातीत माझं नाव. म्हणजे बाबांच्या घराच्या हप्त्याला मी लावते तो हातभार बंद. म्हणजे मी घरी परत, आणि आई म्हणणार, तरी सांगत होते. एका मेसेजवरनं सात पायऱ्या उतरलीस तू, रात्रीच्या अंधारात, दिवा न लावता.

बँकेत एक नियम असतो, व्हाउचर असल्याशिवाय नोंद करायची नाही. चेअरमन जरी समोर येऊन उभे राहिले तरी नाही. आता तुझ्या प्रत्येक ओळीपुढं लिही, व्हाउचर कुठंय? "सरांना बोलायचंय", ह्याला आहे, मेसेज आहे. "चुका दिसल्या", आहे का? त्यांनी तसं लिहिलंय का? नाही. चुका तुला दिसल्यात. "चिडलेत", नाही. इथून पुढच्या सगळ्या नोंदी बिनव्हाउचरच्या. मी असं म्हणत नाही की त्या खोट्याच आहेत. कदाचित चुका त्यांनाही दिसल्या असतील. पण आज त्या खात्यावर घालता येत नाहीत, एवढंच. आणि व्हाउचर असलेली दुसरी गोष्ट, रिपोर्टमध्ये दोन चुका आहेत, तिच्यापुढं लिही, ह्याचं मी काय करू शकते? दुरुस्त करून ठेवू शकते. मग तासाभराचं काम आहे, आज करून टाक. बाकीच्या ओळी उद्या साडेसहाला.

खरं तर एक गोष्ट मला वाचताक्षणीच खटकली होती. शुक्रवारी सहाला मेसेज आला तेव्हा "कशाबद्दल बोलायचंय, सर?" असं तू विचारलंस का? नाही विचारलंस. आपल्या घरात पोरींना विचारायला शिकवलंच नाही गं. मोठ्या माणसानं बोलावलं की पदराला हात पुसत जाऊन उभं राहायचं, एवढंच शिकलो. मीसुद्धा तशीच होते, मॅनेजरच्या केबिनमधून बोलावणं आलं की पाणी पिऊन जायची. विचारण्यात उद्धटपणा नसतो. आज संध्याकाळी एक ओळ पाठव. "सर, उद्याच्या बोलण्यासाठी काही तयारी करून येऊ का?" उत्तर आलं तर आलं, रविवार आहे, नाही आलं तर नाही. पण तू पाठवलंस हे तुझ्या वहीत जमेला पडेल.

आता तुझी दुसरी तक्रार, मीटिंगमध्ये आवाज कापतो आणि "सगळ्यांना कळतं". खरंच कळतं सगळ्यांना? अमेरिकेतच, कॉर्नेल विद्यापीठात, थॉमस गिलोविच आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००० साली एक प्रयोग छापला. विद्यार्थ्याला एक टी-शर्ट घालायला लावायचे, छातीवर बॅरी मॅनिलो ह्या गायकाचा भला मोठा फोटो. तरुण पोरांना लाज वाटेल असा तो गायक. आणि मग दुसरी पोरं आधीच बसलेल्या खोलीत त्याला उशिरा आत पाठवायचं. बाहेर आल्यावर विचारायचं, किती जणांनी बघितलं असेल? त्या बिचाऱ्यांना वाटायचं, जवळजवळ निम्म्यांनी. प्रत्यक्षात पाव लोकांच्याच लक्षात आलेलं असायचं. अगं, आपल्याकडे बघायला लोकांना वेळ कुठाय? ज्याला त्याला स्वतःचा टी-शर्ट पडलाय. माझ्याच लग्नात माझ्या ब्लाउजची बाही उसवली होती, मी दिवसभर तो हात पोटाशी धरून वावरले. फोटो बघून सगळे म्हणाले, "किती लाजलीस गं." बाहीचं आजपर्यंत कुणी बोललं नाही.

पण पाव लोकांना दिसतं, हेही खरं. आणि त्यांनी नावं ठेवली तर? ह्यावर माझ्याकडे एका माणसाची गोष्ट आहे, मला फार आवडते. डॉ. अंजली जोशींची 'मी, अल्बर्ट एलिस' ही कादंबरी आमच्या वाचनालयात आहे, त्यातनं मी ह्या माणसाच्या नादाला लागले. एलिस पुढं मोठा मानसोपचारतज्ज्ञ झाला, १९५५ च्या सुमारास त्यानं स्वतःची उपचारपद्धती मांडली. मुंबईच्या कि. मो. फडक्यांनी ती आपल्याकडे रुजवली, त्यांचा एलिसशी पत्रव्यवहार होता. पण एकोणीस वर्षांचा असताना हा एलिस मुलींशी बोलायला मरणाचा घाबरायचा. न्यूयॉर्कमध्ये ब्रॉंक्सला एक मोठं वनस्पती उद्यान आहे, तिथं बाकांवर मुली बसलेल्या असायच्या आणि हा नुसता बघून परत यायचा. एके दिवशी त्यानं स्वतःलाच गृहपाठ दिला. महिनाभर रोज बागेत जायचं, बाकावर एकटी मुलगी दिसली की त्याच बाकावर बसायचं आणि एका मिनिटाच्या आत बोलायला सुरुवात करायची. महिन्यात तो एकशे तीस जणींच्या शेजारी जाऊन बसला. तीस जणी उठूनच गेल्या. शंभर जणींशी बोलला. त्यांतल्या एकीनं पुन्हा भेटायचं कबूल केलं, आणि तीही आली नाही.

(आजच्या काळात कुणी पोरगं बागेत असं करायला लागलं तर तू त्याला वहीनं हाणशील, आणि बरोबरच करशील. ते सोड.)

एलिसचं म्हणणं एवढंच होतं की कुणी पोलीस बोलावले नाहीत, कुणी थोबाडीत मारली नाही, मी मेलो नाही. शंभर नकार घेऊन त्याची भीती गेली. होकार मिळून गेली नाही, हे लक्षात घे. तू मात्र वाट बघतेस की आधी भीती जाईल, मग मी मीटिंगमध्ये बोलेन. माझा हात पण पाचशेचे हप्ते भरता भरताच थांबला होता ना कापायचा?

एलिस सांगायचा की माणूस स्वतःवर आणि जगावर हट्ट लादतो आणि मग खचतो. आपल्या मराठीत त्या हट्टासाठी एकच अक्षर आहे, 'च'. मला सगळं यायलाच पाहिजे. सरांनी मला चांगलं म्हटलंच पाहिजे. चूक होताच कामा नये. तुझ्या पाच मेसेजमधले 'च' मी पेन्सिलीनं मोजले, अकरा निघाले. "कॉन्फिडन्सच नाही" धरून. एकदा ती वाक्यं 'च' काढून मोठ्यानं म्हणून बघ. "सरांनी मला चांगलं म्हटलं तर बरं वाटेल." अर्थ तोच राहतो, पण छातीवरचा दगड उतरतो.

नोटाबंदी आठवते तुला? तू कॉलेजात असशील. ८ नोव्हेंबर २०१६, रात्री आठ वाजता टीव्हीवर जाहीर झालं, नऊ तारखेला बँका बंद आणि दहाला उघडायच्या. मी तेव्हा सांगलीतच होते. नऊच्या रात्री मी अजिबात झोपले नाही. रांगा, आरडाओरडा, खोट्या नोटा, शॉर्ट येणार, सगळं डोळ्यांपुढं. सकाळी शटर वर गेलं तेव्हा रांग कोपऱ्यावरच्या मेडिकलपर्यंत. सुरुवातीला माणशी चार हजारांपर्यंत बदलून द्यायचे होते, म्हणजे पाचशेच्या आठ. एक म्हातारी आली, नऊवारीच्या ओच्यातनं पुरचुंडी काढली, तांदळाच्या डब्यात ठेवलेल्या नोटा, पिठूळ वास येत होता. मोजल्या तर नऊ. मी म्हटलं, "आजी, आठच बदलता येतील, नववी खात्यात भरा." तर ती खाली वाकून हळूच म्हणते, "खात्याचं पुस्तक पोराकडं हाय. त्याला कळता कामा न्हाई." मग तिच्या नव्या खात्याचा फॉर्म मीच भरत बसले, मागची रांग बोंबलत असताना. दुपारी अडीचला कुणीतरी पाण्याची बाटली पुढं केली तेव्हा लक्षात आलं, सकाळपासून आपण घाबरलोय का हे बघायला आपल्याला वेळ झालेला नाही.

त्याच पंधरवड्यात एकदा मला दोन हजार शॉर्ट आले, नवी करकरीत एकच नोट, कुठं चिकटून गेली देव जाणे. रीतसर लिहिलं, पैसे भरले, घरी येऊन पिठलं टाकलं आणि झोपले. वीस वर्षांपूर्वीची मी आणि ती मी, मोजण्यात काही फार हुशार झाले नव्हते. चुका तेव्हाही व्हायच्या, आताही झाली. फरक इतकाच की चूक झाल्यावर काय काय करायचं असतं ते हाताला माहीत होतं. लोक ज्याला माझा कॉन्फिडन्स म्हणतात तो एवढाच आहे. त्यामुळे तुझ्या वहीच्या मागच्या पानावर रोज झोपायच्या आधी एक ओळ लिहायची. आज मला नको वाटत असताना मी काय केलं? "दुकानदाराला सुटे परत मागितले." "मीटिंगमध्ये एक प्रश्न विचारला, आवाज कापला." कापला तर कापला असंच लिही. मोठं काही लागत नाही. आणि आठवड्याला एक तरी गोष्ट मुद्दाम कर, लहानशी.

आता चहा. तू दिवसाला सहा कप पितेस, वर ती मशीनची कॉफी. छाती धडधडते ती सगळी सरांमुळे नसते, निम्मी त्या कपांची असते. दुपारी चारनंतर बंद. रात्री मोबाइल खोलीच्या दुसऱ्या टोकाला, गजरासाठी घड्याळ मी आणून देते. मीटिंगच्या आधी श्वास सोडताना लांबव, घेताना चार मोजलेस तर सोडताना सहा-सात. पाच-सहा वेळा. आणि संध्याकाळी वीस मिनिटं चाल, लिफ्टच्या पुढं कुठंतरी.

एक गोष्ट जरा आवाज खाली आणून सांगते. सगळंच सस्पेन्सला टाकण्यासारखं नसतं. माझे बाबा गेले त्या वर्षी मला पाच महिने नीट झोप नव्हती. वही, चालणं, श्वास, सगळं करून झालं. सकाळी उठून दात घासायचंही जड व्हायचं, आणि मनात येऊ नयेत ते विचार यायला लागले. तेव्हा मी मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. घरी सांगितलं, डोळे तपासायला जातेय. नऊ महिने गोळ्या घेतल्या, बोलायला जात होते, बरी झाले. डोळे तपासायला जातेय असं सांगावं लागलं, ह्याचीच आता लाज वाटते. तुझ्याबाबतीत झोप-जेवण दोन-तीन आठवडे असंच बिघडलेलं राहिलं, किंवा जगणं नको वाटलं, तर वही बाजूला ठेव आणि मला फोन कर, दोन वाजता असला तरी, मेसेज नाही, फोन. आणि सरकारची टेली-मानस सेवा आहे, १४४१६, दिवसरात्र चालते, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलतात. तो नंबर आत्ताच मोबाइलमध्ये घाल. माझ्यात आहे.

बरं, हे उठले वाटतं, चहा मागतायत. (त्यांना चालतो, ते दोनच घेतात.)

तर आज काय करायचं, ते तुझ्या लक्षात आलं असेल. सरांना एक ओळ, रिपोर्ट दुरुस्त, साडेसहाला खुर्ची. उद्या सर काय म्हणतील ते मला माहीत नाही, तुलाही नाही. खरंच चुकांबद्दल बोलले, तर "हो सर, दोन ठिकाणी चुकलं होतं, मी दुरुस्त केलंय, हे बघा" एवढं म्हणायचं आणि गप्प बसायचं. लगेच सात वेळा सॉरी म्हणत सुटू नकोस. दुसरंच काही निघालं, तर तेही मला सांग. फोन सातनंतर कर, त्याआधी तुझी खिडकी चालू असते आणि माझा कुकर.

आज रात्रीच्या मुंबईच्या गाडीनं तुझ्यासाठी मेथीचे लाडू आणि शेंगदाण्याची चटणी पाठवतेय. ड्रायव्हर ओळखीचा आहे, पहाटे पुण्यात वाकडच्या पुलाखाली डबा देईल, तुझा नंबर दिलाय त्याला. अनोळखी नंबर म्हणून उचलायची टाळाटाळ करू नकोस. आणि डबा धुऊन परत पाठव. मागचे दोन अजून तुझ्या नावे आहेत.

तुझी,
ताई